जोगोनचे सया

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस की गुडघे दुखत असताना बाबा सिंगापूरला कशाला जाऊन आले, तेही कुणाच्या लग्नामुंजीला नाही, तर परक्या देशातल्या परक्या कॉलेजच्या मास्तरांना नमस्कार करायच्या कार्यक्रमाला. तुझ्या लेक्चरची वेळ झाली होती म्हणून ‘नंतर सांगतो’ म्हटलं. पण हे फोनवर सांगून होण्यासारखं नाही. शिवाय या पत्रामागे एक कामही आहे. ते शेवटी लिहिलंय. आईसारखं आधी शेवट वाचू नकोस.

सिंगापूरला असताना रविवारी आपण पेनिन्सुला प्लाझात जायचो, आठवतं? तळमजल्यापासून वरपर्यंत सगळी बर्मी दुकानं. तिथे तुला लपेट तोक, म्हणजे चहाच्या आंबवलेल्या पानांची कोशिंबीर, खायला घालणारे लोंजीतले (म्हणजे बर्मी लुंगीतले) काका माझ्याच ऑफिसातले. आमच्या डिझाइन ऑफिसात चारपाच जण बर्मी होते आणि सगळे एकाच कॉलेजचे. त्यांची नावं इथे लिहीत नाही. त्यांची माणसं अजून तिकडे आहेत आणि कागद कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

ते कॉलेज म्हणजे आर.आय.टी., रंगून इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. रंगून विद्यापीठात 1924 साली इंजिनिअरिंग शिकवायला सुरुवात झाली, पुढे बर्मा ऑइल कंपनीच्या पैशांतून कॉलेज उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतर सोव्हिएत रशियाने शहराच्या उत्तरेला, इन्सेनजवळच्या जोगोनला नवी इमारत बांधून दिली. इनया तलावाकाठचं मोठं हॉटेलही त्यांनीच बांधलं. या भेटींच्या बदल्यात बर्माने तांदूळ द्यायचा, असा तो व्यवहार होता. इन्सेन म्हटलं की बाकी जगाला तुरुंगच आठवतो, या मंडळींना मात्र कॉलेज आठवायचं. 1964 मध्ये आर.आय.टी. हे नाव पडलं, मग बर्माचं म्यानमार आणि रंगूनचं यांगोन झालं तसं कॉलेजचंही नाव बदललं, आणि 1998 पासून ते यांगोन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी आहे. पाटी कितीही वेळा बदलली तरी आमच्या ऑफिसात ते आर.आय.टी.च राहिलं.

आमची ओळख झाली तीही उलटीसुलटी. मी मंडाले ओळखायचो ते टिळकांच्या तुरुंगामुळे, आणि ते रत्नागिरी ओळखायचे ती त्यांच्या राजाच्या कैदेमुळे. थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये गादीवरून उतरवलं आणि तो 1916 मध्ये रत्नागिरीत वारला, हे आपल्याकडे शाळेत एका ओळीत उरकतात. त्यांच्याकडे ती ओळ नाही, जखम आहे. ‘तुझं गाव रत्नागिरीपासून किती लांब?’ हा मला पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न. सांगली म्हटल्यावर लगेच नकाशा काढला.

आता मुख्य माणसाकडे येतो. त्यांना सगळे ‘सया’ म्हणायचे, म्हणजे आपल्याकडचे सर किंवा गुरुजी. बाई असल्या तर सयामा. हे सया आर.आय.टी.त सिव्हिलला वर्षानुवर्षं शिकवत होते. 1988 नंतर सगळंच विस्कटलं तेव्हा, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते सिंगापूरला आले आणि आमच्याकडे साध्या डिझाइन इंजिनिअरच्या जागेवर लागले. आमचा टीम लीडर त्यांचाच विद्यार्थी. तिसऱ्या वर्षाला त्यांनी त्याला शिकवलेलं. आता तो साहेब आणि सया त्याच्या हाताखाली.

हे कसं चालायचं ते मी रोज बघत होतो. सया त्याच्या टेबलाशी आले की हा उठून उभा राहायचा. क्लायंट समोर बसलेला असला तरी उभा राहायचा. त्यांना कागद द्यायचा तो उजव्या हाताने, आणि डावा हात उजव्या कोपराला लावून, जसं आपण तीर्थ घेताना हात धरतो तसं. एकदा वर्षअखेरीला सगळ्यांचे मूल्यमापनाचे फॉर्म भरायचे होते. वक्तशीरपणा, नेतृत्वगुण, एक ते पाच मार्क. हा दोन दिवस फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवून बसला. मग आमच्या चिनी डायरेक्टरकडे गेला आणि म्हणाला, पगार कापा, पण यांना मार्क देणं मला जमणार नाही. डायरेक्टर हसले नाहीत. फॉर्म त्यांनी स्वतःकडे घेतला. मी शेजारच्याच टेबलावर होतो म्हणून हे सांगू शकतो.

सया कॅल्क्युलेशन तपासायचे तो प्रकार तुला उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्या वेळी कॉम्प्युटरचं आउटपुट डॉट मॅट्रिक्सवर निघायचं, भोकाभोकांच्या कडांचा लांबच लांब कागद. आपण तो गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवायचा. ते तो पालथा घालायचे, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल ठेवायचे आणि म्हणायचे, ‘फ्रेमवर भार आला. आता ती वाकल्यावर कशी दिसेल ते काढ.’ आकडे नाहीत, फक्त वाकलेली रेघ. कुठे फुगेल, कुठे आत जाईल, रेघेचा बाक कुठे फिरेल. ती रेघ बरोबर आली तरच गठ्ठा सुलटा व्हायचा. मग एखादा बीम निवडून, भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले आठ, असं तोंडी करून उत्तर साधारण किती यावं ते आधी सांगायचे, आणि त्यानंतरच कागदावर बोट फिरवत तो आकडा शोधायचे.

बाहेरच्या एका ऑफिसकडून आमच्याकडे पोर्चच्या छज्ज्याचं ड्रॉइंग आलं होतं. एका टोकाला धरलेला, दुसरं टोक मोकळं. सयांनी त्याची वाकलेली रेघ काढली, ताण वर येतो हे दाखवलं आणि ड्रॉइंगवर नुसतं बोट ठेवलं. मुख्य सळ्या खालच्या बाजूला दाखवल्या होत्या. ते ड्रॉइंग तसंच साइटवर गेलं असतं तर शटरिंग काढल्यावर काय झालं असतं हे तुला सांगायला नको. सया चढ्या आवाजात बोलले नाहीत. ‘जोगोनला याला नापास करायचो,’ एवढंच म्हणाले आणि चहा घ्यायला गेले.

त्यांना ही सवय कुठून लागली ते एकदा त्यांनीच सांगितलं. 1962 मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर देशाची दारं हळूहळू बंद झाली. बाहेरची पुस्तकं येईनात. परदेशात शिकून आलेले जे जुने सया होते त्यांच्या वह्या हीच लायब्ररी. त्यावरून सायक्लोस्टाइल नोट्स काढायच्या, शाई पुसट, आकडे निम्मे वाचता न येणारे. मग पोरं आकड्यांवर विसंबूच शकत नव्हती, आकृती समजून घेणं भाग होतं. मला हे ऐकून त्या टंचाईचं कौतुक करावंसं वाटलं नाही, त्यांनाही वाटत नव्हतं. ‘चांगलं छापलेलं पुस्तक मिळालं असतं तर मी तेच दिलं असतं,’ म्हणाले.

ऑफिसातला सगळ्यात धाकटा, तुला खांद्यावर बसवून फिरवणारा, तो आर.आय.टी.त होता ऐंशीच्या दशकात. सप्टेंबर 1987 मध्ये सरकारने एका रात्रीत 25, 35 आणि 75 च्यातच्या (च्यात म्हणजे तिकडचं चलन) नोटा रद्द केल्या. बदलून द्यायची भानगडच नाही, कागद झाले ते झाले. आपल्याकडे 2016 मध्ये बँकेपुढे रांगा तरी लावता आल्या. याच्या वडिलांनी फी आणि खाणावळीचे पैसे 75 च्याच नोटांत दिले होते. पोरं रस्त्यावर आली ती त्यामुळे, आणि आर.आय.टी.ची पोरं पुढे होती. नंतर नव्या नोटा निघाल्या त्या 45 आणि 90 च्या, कारण सत्ताधाऱ्याचा शुभ अंक नऊ! नऊचा पाढा तेवढा सगळ्या देशाचा पक्का झाला, असं तो म्हणायचा.

मार्च 1988 चं त्याच्याकडून थोडंथोडंच ऐकलं. कॉलेजजवळच्या चहाच्या दुकानात कॅसेट कोणती लावायची यावरून भांडण झालं, गावातल्या एका वजनदार माणसाच्या मुलाला पोलिसांनी सोडून दिलं, पोरं चिडली. 13 मार्चला कॅम्पसवर गोळीबार झाला, त्यात फोन मॉ हा विद्यार्थी गेला. त्यातून ऑगस्टचा उठाव पेटला. बाकी इतिहास तुला कुठेही वाचायला मिळेल. हा मात्र त्या संध्याकाळबद्दल एवढंच बोलायचा की हॉस्टेलच्या जिन्यात चपलांचा ढीग पडला होता आणि कोणाची कुठली ते शोधायला कोणी आलं नाही.

मग कॉलेज बंद. 1991 मध्ये उघडलं, पुन्हा बंद झालं. 1996 च्या डिसेंबरात पुन्हा आंदोलन, त्यातही पुढे तिथलेच विद्यार्थी, आणि 2000 पर्यंत पुन्हा कुलूप. त्या बारा वर्षांत तिकडची विद्यापीठं उघडी कमी आणि बंद जास्त होती. सहा वर्षांचा कोर्स कुणाला दहा वर्षं पुरला, कुणाला आयुष्यभर. आमचा धाकटा मामाच्या किराणा दुकानात बसायचा. एक सया दुपारी तिथे यायचे, अर्धा किलो डाळ घ्यायचे आणि डाळ बांधली जाईपर्यंत त्याला एक गणित घालून जायचे. दुसऱ्या खेपेला उत्तर बघायचे. घरी शिकवणी घेताना दिसलं असतं तर दोघांची चौकशी झाली असती, डाळीची कोण करणार?

आता सिंगापूरचा कार्यक्रम. आपली आषाढी पौर्णिमा, गुरुपौर्णिमा, तोच बहुतेक वर्षी त्यांचा वासोचा दिवस. तिथून भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो आणि कोजागिरीच्या सुमाराला ताडिंजुतला संपतो. आपण गुरूला नमस्कार चातुर्मासाच्या तोंडाशी करतो, ते शेवटाला. बुद्ध, धम्म, संघ, आईवडील आणि शिक्षक, हे पाच त्यांच्याकडे एकाच पंगतीत बसतात. पंगतीत शेवटी का होईना, पण त्याच पंगतीत. (तुमच्या कॉलेजात शिक्षक दिनाला तुम्हाला पेन देतात ना?)

हॉलमध्ये पुढे खुर्च्यांची रांग, त्यावर ऐंशीच्या आसपासचे सया आणि सयामा, काही खास यांगोनहून आणलेले. खाली सतरंजीवर साठीतले विद्यार्थी. त्यांत कंपन्यांचे डायरेक्टर, जहाजांचे चीफ इंजिनिअर, गुडघ्यांच्या तक्रारी असलेले सगळे. तरी गुडघे टेकून, हात जोडून, तीनदा जमिनीला डोकं लावलं. एकजण पुढे बसून म्हणतो, बाकीचे मागून म्हणतात: कायेने, वाचेने, मनाने तुमचा काही अपराध घडला असेल तर क्षमा करा. बरेच शब्द पालीतून आलेले, त्यामुळे मला निम्मे कळत होते. मी मागे खुर्चीवर बसलो होतो, मग मीही खाली बसलो. उठताना आमच्या टीम लीडरने हात दिला.

नंतर मोहिंग्याचे वाडगे आले, माशाच्या रश्शातल्या शेवया. सया आता खूप वाकलेत, ऐकू कमी येतं. एका टक्कल पडलेल्या गृहस्थांना त्यांनी ओळखलं आणि विचारलं, ‘सर्व्हे कॅम्पची शीट दिलीस का?’ सगळा हॉल हसला. तो गृहस्थ मात्र खरोखर कावराबावरा झाला, बहुतेक दिली नसावी. शेवटी पाकिटं वाटली. तिकडच्या पेन्शनमध्ये औषधंही येत नाहीत, म्हणून हे माजी विद्यार्थी दरवर्षी वर्गणी काढून म्हाताऱ्या शिक्षकांच्या दवाखान्याचा खर्च बघतात. त्याचा हिशेब भिंतीवर लावला होता, शेवटच्या डॉलरपर्यंत जुळवलेला.

सयांशी बोलणं झालं ते पुलावर. 28 मार्च 2025 च्या भूकंपात मंडालेजवळच्या सगाईंगचा जुना पूल पडला ना, 1934 चा, तो त्यांच्या शिकवण्यातला आवडता पूल. 1942 मध्ये माघार घेताना इंग्रजांनी स्वतःच त्याचे गाळे उडवले, 1954 मध्ये पुन्हा जोडले. दर वर्षी ते पोरांना तिकडे नेऊन, गाळा ज्यावर टेकतो त्या बेअरिंगपाशी उभं करायचे. पडलेल्या गाळ्यांचे फोटो त्यांनी फोनवर मोठे करून करून मला दाखवले. हळहळ वगैरे नाही, कुठला गाळा आधी सरकला असेल याचाच काथ्याकूट. मी एक म्हणालो, ते दुसरं म्हणाले. कागदी रुमालावर पेन्सिलीने रेघ काढून दाखवली. मला अजून पटलेलं नाही.

आता काम. आमच्या धाकट्याचा भाचा त्याच कॉलेजात सिव्हिलला तिसऱ्या वर्षात होता. आधी कोविडने वर्ग बंद झाले, मग 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. त्याचे कितीतरी शिक्षक कामावर जायचं नाकारून घरी बसले आणि निलंबित झाले, तोही परत गेला नाही. 2024 मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा लागू झाल्यावर त्याला घर सोडावं लागलं. आता कुठे आहे ते लिहीत नाही, सुखरूप आहे. त्याला शिकायचंय. दोन वर्षांच्या मार्कशीटचे फोटो आहेत, मूळ कागद नाहीत, आणि ते मागायला तो कॉलेजात जाऊ शकत नाही.

तुमच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षात एवढं विचार: अर्धवट राहिलेल्या अशा शिक्षणावर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो का, की पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल? मूळ कागदांऐवजी तिथल्या निवृत्त प्राध्यापकांचं सही केलेलं पत्र चालतं का? सया द्यायला तयार आहेत, इंग्रजीत, स्वतःच्या हाताने लिहून. आणि फॉर्मची शेवटची तारीख काय? काउंटरवरचा माणूस ‘नाही’ म्हणाला तर तेवढ्यावर परत फिरू नकोस, वरच्या साहेबांना भेट. फीचं मी बघतो, तसं सांगून आलोय.

आईने मेतकूट आणि भाजणी पाठवली आहे, कुरियर गुरुवारी पोचेल.

तुझे,
बाबा