माइक घेण्याआधी पट्टी ठरवा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही विचारलंत, घरी आपली गाणी रेकॉर्ड करायला कुठला माइक घेऊ? सांगते, पण जरा खाली. आधी पट्टीचं, म्हणजे षड्ज कुठल्या सुरावर धरायचा त्याचं बोलू.

आई, तू पेटी उघडलीस की हात अजूनही काळी चारवरच, म्हणजे चौथ्या काळ्या सुरावरच जातो. चाळिशीत ती पट्टी बरोबर होती. पण साठीनंतर बहुतेक बायकांचा आवाज थोडा खाली सरकतो, आणि सर्वांत आधी वरचे सूर जड होतात. यात कमीपणा कसला? गाणं बाबांचं, चाल तुझी, मग पट्टीही आजच्या गळ्याची घ्यावी. सकाळी उठल्या उठल्या नको, दुपारी चहानंतर बघ. अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर शोध, समजा तार गंधार आहे. काळी चारमध्ये तो पांढरी एकवर पडतो, काळी तीनमध्ये काळी पाचवर, म्हणजे दोन अर्धे सूर खाली. तो आधी ‘आ’वर आणि मग ‘ई’वर चार-चार मात्रा धर. हनुवटी वर गेली, भुवया चढल्या, की पट्टी उंच आहे. मग मुखड्यातला खालचा पंचम नीट वाजतो का तेही बघ, कारण पट्टी फार उतरवली की तिथे नुसती हवा येते. दोन्ही टोकं जमतील ती पट्टी वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेव, आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी बदलू नकोस.

बाबा, तुमचा मोठा अभंग मोजून पाहिला. सहा-सहा-सहा-चार अक्षरं बरोबर आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमकही आहे. अडतं ते चौथ्या चरणात. हा नमुना बघा, आत्ताच जुळवलाय:

दाराशी थांबला । पाऊस जरासा ।
पापडां दिलासा । गच्चीवर ॥

शेवटी दोन अक्षरं कमी आहेत. तीच गाणाऱ्याची श्वास घ्यायची जागा, पेटीला उत्तर द्यायची जागा. तुम्ही तिथे ‘हो’, ‘रे’, ‘तो’ घालून ती बुजवता आणि आईला पुढची ओळ धापा टाकत उचलावी लागते. ती जागा मोकळी सोडा. दुसरं म्हणजे, सहा अक्षरं म्हणजे सहा मात्रा नव्हेत. ‘गच्चीवर’मधला ‘ग’ एरवी लघू, पण पुढच्या ‘च्ची’मुळे गुरू होतो, म्हणून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, तो ठाम बसतो. ‘जरासा’तला ‘ज’ समेवर आणून ताणलात तर ऐकणाऱ्याला ‘जाऽरासा’ ऐकू येईल. जिथे सूर लांबवायचा तिथे आ, ए, ओ असलेलं अक्षर ठेवा. चाल लागली की कागद बाजूला ठेवून ओळ नुसती गुणगुणा. जीभ अडखळेल तो शब्द बदला, कितीही आवडता असला तरी.

आता खोली. हॉलमध्ये टाळी वाजवा, टर्रकन आवाज उठतो ना? समोरासमोरच्या उघड्या भिंतींमुळे होतं ते. झोपायच्या खोलीत कपड्यांचं कपाट उघडं ठेवून आईला त्याकडे पाठ करून बसवा, म्हणजे माइकचं तोंड कपड्यांकडे राहील. माइकच्या मागे दोरीवर दोन गोधड्या, भिंतीपासून वीतभर सोडून. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, ते फक्त अगदी बारीक आवाज थोडे इकडेतिकडे करतात. लोखंडी कपाट मात्र पेटीच्या सुरांबरोबर गुणगुणतं, त्याच्या दारात कागदाची घडी खोचा. पंखा बंद. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे तो परत चालू करायचं विसरणार नाही!

माइक डायनॅमिक घ्या, शुअर एसएम 58 किंवा त्या जातीचा. कंडेन्सर जास्त बारकावे टिपतो हे खरं, पण तुमच्या फ्लॅटमध्ये तो खालचा भाजीवालाही टिपेल. डायनॅमिकला 48 व्होल्टचा पुरवठा लागत नाही, इंटरफेसवरचं (माइक लॅपटॉपला जोडायच्या डबीवरचं) ते बटण बंदच असू द्या. तोंडापासून चार ते सहा बोटं अंतर, आणि समोर नाही, ओठांच्या कोपऱ्याकडून. ‘फ’, ‘भ’, ‘प’ची फुंकर समोरून थेट आत गेली की धप्प आवाज येतो आणि तो नंतर नीट निघत नाही. हेडफोन कान झाकणारा, वायरचाच. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि आई लय मागे खेचेल. स्वतःचा आवाज दुहेरी ऐकू आला तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर चालू करून रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा.

लेव्हल ठरवताना आईला मुखडा नाही, अंतऱ्याची सर्वांत मोठ्याने गायची ओळ गायला सांगा. काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू दे, चुकून उणे 6 पर्यंत गेला तरी चालेल. शून्याला लागला की आवाज फाटतो आणि फाटलेला शिवता येत नाही. रेकॉर्डिंग 24 बिटवर ठेवलंत की लेव्हल कमी असल्याची काळजी उरत नाही. घुंऽऽ असा सलग आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. बहुतेक वेळा तोच असतो.

सगळ्यात मोठी अडचण पेटीची आहे. आई वाजवत गाते, म्हणून एकाच माइकमध्ये गळा आणि पेटी एकत्र जातात. मग गळ्यातली एक जागा सुधारायची तर पेटीही तुटते. वेगळं गायला सांगितलं की ती बावरते, कारण तिचा श्वास भात्याच्या चालीवर बसलाय. म्हणून असं करा. आधी तानपुरा आणि तबल्याचा ठेका एकेका ट्रॅकवर घ्या, सुरुवातीला एक रिकामं आवर्तन मोजणीचं. मग आईने नेहमीसारखं वाजवत गायचं, हा कच्चा ट्रॅक. तो हेडफोनमध्ये हळू लावून ती नुसती गाईल, तीन वेळा पूर्ण, मध्ये न थांबता. चौथ्यांदा फक्त फसलेल्या ओळी. पाऊण तासाच्या पुढे नको, गळा थकला की सूर खाली बसतो आणि तिला स्वतःला ते कळत नाही. मग कच्चा ट्रॅक काढून टाका आणि तिच्या आवाजामागून पेटी नव्याने वाजवू द्या. त्या वेळी माइक पेटीच्या जाळीपासून दीड फूट वर, भात्याच्या विरुद्ध बाजूला.

तानपुऱ्याच्या ॲपचा षड्ज पेटीशी जुळवून घ्या, उलट नाही. आपली पेटी जुनी, 440 हर्ट्झच्या प्रमाण मापाला नेमकी बसेलच असं नाही. दोन्ही एकत्र लावल्यावर सूर लाटेसारखा वर-खाली हलला, तर ॲपमध्ये पाच-पाच सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) सरकवत जा, लाट थांबेपर्यंत.

नंतर फार काही करू नका. गळ्याच्या ट्रॅकवरून 90 हर्ट्झच्या खालचा आवाज कापा आणि रिव्हर्ब ऐकू येऊ लागला की निम्मा करा. आईला देवळातला घुमारा आवडतो हे माहीत आहे, पण त्यात बाबांचे शब्द बुडतात.

बाबा, जुन्या सिनेगीताच्या चालीवर लिहिलेलं ते गाणं घरच्या कार्यक्रमापुरतंच ठेवा. संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालीचा हक्क टिकतो. स्वतःच्या चाली असताना ती उसनवारी कशाला?

फाइल पाठवाल तेव्हा वेव्ह (WAV) पाठवा, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून. नावात गाणं, पट्टी आणि तारीख हवी. ‘फायनल नवीन खरंच फायनल’ या नावाच्या तीन फाइली माझ्याकडे आधीच आहेत. पापडाच्या अभंगाचं पुढचं कडवं तुम्ही लिहा, आणि चाल लावायला आईला वहीत लिहिलेली पट्टीच द्या.

तुमची,
लेक