बाळ्या, ती वही अजून माझ्याकडेच आहे

इथाका, रविवार

प्रिय बाळ्या,

आठ महिने गप्प बसलो. आधी मनसोक्त शिव्या घालून घे आणि मग पुढं वाच. गुडघा आहे तसाच, साखर काबूत. लेकीकडं आलोय. ती दिवसभर कॉर्नेल विद्यापीठात आणि घर मला खायला उठतं, म्हणून तिनं नेऊन तिथल्या कामगार चळवळीच्या दप्तरखान्यात बसवलं. तिथं जे वाचलं ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला? बाकीचे म्हणतील, म्हातारा अमेरिकेत जाऊनही मयत फंडच उकरतोय.

आणि खरंच मयत फंडच रे! आपला एका चाळीचा, वर्गणी काढून मयतीचा खर्च भागवणारा; त्यांचा पावणेदोन लाखांवर सभासदांचा. नाव इंटरनॅशनल वर्कर्स ऑर्डर, स्थापना न्यूयॉर्कला, १९३० साली. ज्यू, युक्रेनी, हंगेरियन, इटालियन, ज्याची त्याची आपल्या भाषेची शाखा. गाणीबजावणी, पोरांची शिबिरं, पण खरी ओढ स्वस्त विम्याची. काळ्या माणसाला इतर कंपन्या जादा हप्ता लावत, नाहीतर दारातूनच परत पाठवत. इथं काळा-गोरा, खाणकामगार, सगळ्यांना एकच दर. वरचे पुढारी कम्युनिस्ट पक्षाचे होते, ते कशाला लपवू? पण वर्गणीदार बहुतेक आपल्या चाळीसारखे, मयतीच्या खर्चाला भिणारे.

डिसेंबर १९४७ मध्ये तिथल्या सरकारचा मुख्य कायदे अधिकारी, अ‍ॅटर्नी जनरल टॉम क्लार्कनं घातक संस्थांची यादी काढली, त्यात यांचं नाव. ना नोटीस, ना सुनावणी. लोक गळायला लागले. बाहेरून आलेल्यांना हद्दपारीची धास्ती. १९५२ मध्ये तर असा नियम आला की सरकारी मदतीच्या घरात राहायचं असेल, तर घरातलं कुणी यादीतल्या संस्थेत नाही असं लिहून द्या. म्हणजे मयतीच्या पावतीपायी डोक्यावरचं छप्पर जायचं.

आता खुर्ची घट्ट धर. न्यूयॉर्कच्या विमा खात्यानं त्यांचं दप्तर तपासलं आणि हिशेब चोख निघाला! पैसा शाबूत, दावे फेडलेले. तरीही १९५० मध्ये खातं निघालं संस्था मोडायला. कायद्यात एक कलम होतं, संस्था चालू राहणं विमेदारांना धोक्याचं असेल तर मोडता येते. कलम बुडीत कारभारासाठी. खात्यानं धोका पैशाचा न धरता विचारांचा धरला. संस्थेचे अध्यक्ष होते चित्रकार रॉकवेल केंट, ते आणि विमेदार दोघंही लढले. एप्रिल १९५१ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या यादीविरुद्धचा यांचा दावा उचलूनही धरला. दोनच महिन्यांत न्यूयॉर्कच्या न्यायाधीश ग्रीनबर्गनी विसर्जनाचा हुकूम दिला. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे दुसरं प्रकरण ऐकायलाच नकार दिला आणि १९५४ पर्यंत सगळं गुंडाळलं गेलं.

वाचताना मला ८२च्या गिरणी संपातला चाळीचा जिना आठवला. संपात तू फंडातून धान्य वाटायला निघालेलास आणि मी पेटीवर बसलेलो. "हिशेब चोख ठेव, सरकारचा बाप हात लावणार नाही," असं मी ओरडलो, तू मला "गिरणीमालकाचं मांजर" म्हणालास आणि दोन वर्षं आपण एकमेकांच्या दारावरून तोंड फिरवून गेलो. मयतीचा पैसा मयतीलाच, हे मी आजही म्हणतो, तेव्हा पुन्हा भांडायला येऊ नकोस. पण चोख हिशेबाच्या ढालीबद्दल मी चुकलो होतो. लेखी घे, पुन्हा मिळणार नाही.

मात्र खरी धास्ती वेगळीच आहे. संस्था मोडली तेव्हा त्यांचं दप्तर विमा खात्याच्या ताब्यात गेलं आणि तिथून या खोक्यांत आलं. त्यामुळं ते मला वाचता आलं आणि त्यामुळंच पोटात गोळाही आला. आपल्या फंडाची वही आठव. तपकिरी पुठ्ठा, कडेला तुझ्या चहाचा डाग. त्यात काही नावांपुढं तांबड्या पेन्सिलीचे ठिपके आहेत. ते मी घातलेत. लाल बावट्याची माणसं कोण ते कळावं म्हणून. त्यांची वर्गणी युनियनच्या हापिसात हमखास मिळायची, बाकी मनात काही नव्हतं. तुझ्यापुढं दोन ठिपके आहेत, कारण तू दोन वेळा चुकवायचास. आता एक कॉलेजचा पोरगा वही स्कॅन करून सगळ्यांना बघायला ठेवू म्हणतोय. चांगला पोरगा आहे, म्हणतो तुमचं काम लोकांना कळू दे. मलाही हुरळायला झालं होतं. पण ठिपके? निम्मी माणसं गेली, त्यांची पोरं कुठं कुठं नोकरीला. त्यांना कुणी विचारलंय? निघायच्या आधी रबर फिरवून बघितलं, कागदच फाटायला लागला. शिवाय खोडलेली वही ती वही कसली? माझ्या चोख हिशेबाला तोच पहिला काळिमा.

तुझी नात बारावीला ना? तिला आशीर्वाद. वहिनींचा दुसरा डोळा झाला का? बोरिवलीच्या घराचं काय केलंस तेही लिही.

वही ट्रंकेत तळाला आहे, किल्ली सुनेकडं. मी येईपर्यंत एकदा जाऊन ते ठिपके स्वतः बघ आणि काय करू ते सांग. फोन सकाळी करू नकोस, इथं रात्र असते.

तुझा,
अण्णा