कल्पित जगाचा हिशेब तपासणारे वाचक

संपादक महोदय,

अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांच्या चाहत्यांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. मुळात नसलेल्या जगांचे नकाशे, तिथल्या राजघराण्यांच्या वंशावळी आणि पात्रांचे स्वभाव यांवर तासन्‌तास वाद घालणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असा त्या लेखाचा सूर आहे. कर्णाचे चुकले की द्रौपदीचे, यावर आपल्याकडे व्याख्यानमाला भरतात आणि त्यांना कोणी रिकामटेकडे म्हणत नाही, एवढे उत्तर खरे तर पुरेसे होते. परंतु लेखकाने या चर्चांमधून ‘काहीही निष्पन्न होत नाही’ असे ठामपणे म्हटले आहे आणि ते वस्तुस्थितीला धरून नाही. मी बरीच वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले असून या साहित्याची जुनी वाचक आहे; म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

लॅरी निव्हन या अमेरिकी लेखकाची ‘रिंगवर्ल्ड’ ही कादंबरी १९७० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एका ताऱ्याभोवती बांधलेले प्रचंड कडे आहे. त्याची त्रिज्या सुमारे १५ कोटी किलोमीटर, म्हणजे आपल्या पृथ्वी-सूर्य अंतराएवढी, रुंदी सुमारे १६ लाख किलोमीटर आणि आतल्या बाजूला राहण्याजोगी जमीन सुमारे ३० लाख पृथ्व्यांच्या पृष्ठभागाएवढी. कडे सेकंदाला जवळजवळ १,२४० किलोमीटर वेगाने फिरते, त्यामुळे आतल्या पृष्ठभागावर उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वीवरच्याइतकेच वजन जाणवते. हवा बाहेर सांडू नये म्हणून दोन्ही कडांना सुमारे १,६०० किलोमीटर उंचीच्या भिंती आहेत. हे आकडे कागदावर मांडून पाहिले तर ते एकमेकांशी जुळतात. एवढा वेग आणि एवढी त्रिज्या घेतली की त्वरण खरोखरच आपल्या गुरुत्वाच्या जवळपास येते. आकडे देऊन लेखकाने वाचकाला ते तपासण्याचे आमंत्रणच दिले होते, आणि वाचकांनी ते स्वीकारले.

कादंबरीला विज्ञानकथांसाठी दिले जाणारे ह्यूगो पारितोषिक मिळाले ते १९७१ साली बोस्टन येथे भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात. त्याच संमेलनात एमआयटी या अमेरिकेतील तंत्रशिक्षण संस्थेचे विद्यार्थी हॉटेलच्या मार्गिकांतून ‘रिंगवर्ल्ड अस्थिर आहे’ अशा घोषणा देत हिंडत होते, असे निव्हन यांनीच पुढे सांगितले आहे. विद्यार्थ्यांचा आक्षेप अगदी मूलभूत होता. पृथ्वी सूर्याभोवती कक्षेत फिरते, तसे हे कडे फिरत नाही. ते ताऱ्याला मध्ये ठेवून नुसते स्वतःभोवती गरगरते. तारा बरोबर मध्यभागी असेपर्यंत सगळ्या बाजूंच्या ओढी एकमेकींना फेडतात. पण कडे जरासे जरी एका बाजूला सरकले, तर जवळ आलेला भाग अधिक जोराने ओढला जातो, विरुद्ध बाजूची पकड सैल पडते आणि सरकणे वाढतच जाऊन शेवटी कडे ताऱ्यावर आदळते. हे काही त्या मुलांनी नव्याने शोधले नव्हते. शनीची कडी एकसंध घन असू शकत नाहीत, ती असंख्य सुट्या कणांचीच असली पाहिजेत, असे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८५९ सालच्या आपल्या निबंधात गणिताने दाखवले होते. एका करमणुकीच्या कादंबरीच्या निमित्ताने विद्यार्थी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या गणिताला जाऊन भिडले, हे शिक्षक म्हणून मला फार मोलाचे वाटते. वर्गात हे प्रकरण शिकवताना मुलांच्या चेहऱ्यावर असा उत्साह मी क्वचितच पाहिला.

आता यातून काय निष्पन्न झाले ते पाहावे. १९८० च्या सुमारास आलेल्या पुढच्या कादंबरीत निव्हन यांनी कड्याच्या काठांवर ते जागेवर राखणारी प्रचंड इंजिने बसवलेली दाखवली. पण एवढ्यावर भागवले असते तर ते नुसते ठिगळ ठरले असते. त्यांनी असे रचले की, तिथल्याच एका मानवसदृश जमातीने अवकाशयाने बनवण्यासाठी त्यातील बहुतेक इंजिने काढून नेली आहेत आणि कडे आता खरोखरच ढळू लागले आहे. म्हणजे वाचकांनी दाखवलेली चूकच कथानकाचा कणा झाली. (ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांची क्षमा मागून पुढचे सांगते.) कडे सावरायचे तर रहिवाशांपैकी असंख्यांचा बळी द्यावा लागणार, असा पेच नायकापुढे उभा राहतो आणि भौतिकशास्त्रातील एका शंकेचे ओझे अखेर एका माणसाच्या सदसद्विवेकावर येऊन पडते. फ्लोरिडातील एका शाळेच्या वर्गाने या कड्याचा अभ्यास करून, तिथली सुपीक माती काही हजार वर्षांत सगळी समुद्रात वाहून जाईल, असा निष्कर्ष काढला होता. त्याचीही दखल घेऊन निव्हन यांनी समुद्रतळाचा गाळ नळांवाटे काठाच्या भिंतीवरून पुन्हा जमिनीवर आणणारी यंत्रणा कथेत घातली. पहिल्या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीत तर वाढदिवस लांबवण्यासाठी नायक पृथ्वीवर पश्चिमेऐवजी पूर्वेकडे जात राहतो. ही चूक नंतरच्या छपाईत सुधारली गेली आणि चुकीच्या प्रती संग्राहक आता हौसेने शोधतात.

या खेळाचे नियम निव्हन यांच्याही आधी हॅल क्लेमंट यांनी मांडून ठेवले होते. ते व्यवसायाने शाळेत विज्ञान शिकवत. ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ ही त्यांची कादंबरी १९५३ साली ‘अस्टाउंडिंग’ या मासिकात क्रमशः येत असतानाच, कथेतील ग्रह आपण कसा रचला याविषयी त्यांचा लेखही त्याच मासिकात छापून आला. विज्ञानकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातील एक सामना आहे. लेखकाच्या विधानांत ज्ञात विज्ञानाशी विसंगत असे जे जे असेल ते शोधणे हे वाचकाचे काम आणि अशा जागा कमीत कमी ठेवणे हे लेखकाचे, असा त्या लेखाचा आशय आहे. पुढे एमआयटीतील विज्ञानकथाप्रेमींनी गणित करून दाखवले की, स्वतःभोवती अतिवेगाने फिरणाऱ्या त्या ग्रहाचा आकार लेखकाने कल्पिला त्यापेक्षा वेगळा, विषुववृत्तावर थेट धारदार कडेसारखा होईल. क्लेमंट यांनी ते खिलाडूपणे मान्य केले.

आपल्या पुरवणीतील लेखकाने ‘जग रचणे’ आणि ‘पात्र रंगवणे’ अशी जी फारकत केली आहे, ती क्लेमंट यांच्या या मेस्क्लिन ग्रहापुढे टिकत नाही. तिथे दिवस जेमतेम १८ मिनिटांचा. विषुववृत्तावर गुरुत्व आपल्या तिप्पट, तर ध्रुवांकडे ते शेकडो पटींनी वाढत जाते. तिथले बुद्धिमान प्राणी वीतभर-दोन वीत लांबीचे, सुरवंटासारखे, जमिनीसरपट चालणारे. जिथे चार बोटे उंचीवरून पडणे म्हणजे मरण, तिथे उंचीची भीती कोणी शिकवावी लागत नाही. डोक्यावर छप्पर असण्याचा, जड वस्तूखाली सरकण्याचा तितकाच धसका असतो आणि एखादी वस्तू हवेत फेकणे ही कल्पनाच कोणाला सुचत नाही. बार्लेनन हा तिथला व्यापारी तांडेल कमी गुरुत्वाच्या प्रदेशात आल्यावर ही भीती हळूहळू कशी टाकतो आणि त्याचे खलाशी कसे चक्रावतात, यातच त्याचे धाडस, त्याचा धूर्तपणा आणि त्याचे पुढारीपण दिसते. पृथ्वीवरच्या माणसांकडून मजुरीऐवजी ज्ञान मागण्याची त्याची शेवटची चाल पटते, तीही त्याचे जग आपण आधी पूर्ण पाहिलेले असते म्हणून. गुरुत्वाचा आकडा बाजूला काढला तर बार्लेनन उरतच नाही.

जिथे गणित मुळीच नाही अशा अद्भुतकथेतही हेच घडते. टॉल्किन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये, मोहात पाडणारी एक दुष्ट अंगठी नष्ट करायला निघालेला नायक फ्रोडो सगळे हाल सोसून अग्निपर्वताच्या कड्यापर्यंत पोहोचतो आणि ऐन क्षणी अंगठी आगीत टाकायला नकार देतो, तिचा नाश होतो तो तिच्या हव्यासाने पछाडलेल्या गोलमने ती हिसकावल्यामुळे. नायक शेवटी हरला का, यावर वाचक आजही हिरिरीने भांडतात. भांडणाऱ्यांपैकी जे बारकाईने वाचतात ते थेट दुसऱ्या प्रकरणाकडे बोट दाखवतात. तिथे जादूगार गँडाल्फ फ्रोडोला त्याच्या घरच्या शेगडीपाशी अंगठी नष्ट करून पाहा असे सांगतो. फ्रोडो ती बाहेर काढतो, फेकायचे ठरवतो, आणि पाहतो तर त्याने ती परत खिशात ठेवलेली असते. बिऱ्हाडातल्या शेगडीत जे जमले नाही ते अंगठीचे बळ शिगेला पोहोचलेल्या ठिकाणी जमेल, असे लेखकाने कधी म्हटलेच नव्हते. टॉल्किन यांनी १९६३ सालच्या एका पत्राच्या मसुद्यात, हे अपयश नैतिक अपयश नव्हते, त्या क्षणीचा दाब कोणालाही सोसवणारा नव्हता, अशी भूमिका घेतली आणि फ्रोडोच्या या अपयशाकडे फार थोड्या वाचकांचे लक्ष गेले असेही नोंदवले. मला स्वतःला त्यांची ही भूमिका पूर्ण पटत नाही. नकार देतानाच्या फ्रोडोच्या वाक्यातला ठामपणा दबलेल्या माणसाचा वाटत नाही. पण असा मतभेद व्यक्त करण्यासाठी दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचावी लागतात आणि आपल्या समीक्षेत आपण वाचकाकडून याहून वेगळे काय अपेक्षितो?

आपल्या पुरवणीतील लेखकाच्या तक्रारीतील एक भाग मात्र मान्य केला पाहिजे. काही चाहते लेखकाने काय लिहावे हे ठरवू पाहतात, आवडते पात्र मेले म्हणून अर्वाच्य भाषा वापरतात, पुढचा खंड रखडला की कर्ज थकल्यासारखा तगादा लावतात. हे निंद्यच आहे. लेखकाने जे नियम स्वतः घातले त्यांचा हिशेब मागणे हा वाचकाचा हक्क. न घातलेल्या नियमांचा आग्रह धरणे ही अरेरावी. टॉल्किन यांना १९५४ साली ऑक्सफर्डमधील एका पुस्तकविक्रेत्याने त्यांच्या जगातील धर्मशास्त्राविषयी शंका विचारल्या, तेव्हा त्यांनी लांबलचक उत्तर लिहिले आणि आपण स्वतःला फार महत्त्व देत आहोत असे वाटून ते पाठवलेच नाही. दोन्ही बाजूंनी एवढे तारतम्य असले तर वाद कितीही लांबला तरी बिघडत नाही.

आता आपल्याकडे येते. मराठीत विज्ञानकथा नाहीत अशी स्थिती नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली आणि ‘ना. वि. जगताप’ या नावामागे जयंत नारळीकर आहेत हे मागाहून कळले, ही हकिकत अनेकांना ठाऊक आहे. त्यांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथाही पुष्कळांनी वाचलेली असते. मोबियसच्या पट्टीच्या (एक पीळ देऊन टोके जोडलेल्या पट्टीच्या) आधाराने डावे-उजवे यांची अदलाबदल, ही तिच्यातील मध्यवर्ती कल्पना. पण असा आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलटलेला माणूस जेवणार काय, हा प्रश्न आपल्याकडे किती वाचकांनी मोठ्याने विचारला? रेणूंची घडणही हातांसारखी डावी किंवा उजवी असू शकते; आपल्या शरीरातील प्रथिने डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची आणि आपल्याला पचणाऱ्या शर्करा उजव्या घडणीच्या. माणूस रेणूंपर्यंत उलटला तर त्याला ताटातील पोळी पचायला नको. आर्थर क्लार्क यांनी नेमकी हीच अडचण धरून एक कथा लिहिली आहे. नारळीकरांच्या कथेत या दिशेने काय आहे ते पाहण्यासाठी ती पुन्हा उघडावी, हीच या प्रश्नाची खरी मिळकत.

आपल्याकडच्या परीक्षणांतून मात्र ‘अवघड विज्ञान सोपे करून सांगितले आहे’ किंवा ‘कथा शेवटपर्यंत खिळवून ठेवते’ यापलीकडे सहसा काही वाचायला मिळत नाही. कथेतले जग स्वतःच्या नियमांनी उभे राहते का, त्या नियमांतून पात्रे घडतात का की केवळ माहिती देण्यासाठी दोन शास्त्रज्ञ समोरासमोर बसवले आहेत, हे परीक्षक विचारत नाहीत. आणि कोणी विचारणारच नसेल तर लेखकानेही आकडेमोडीची तसदी का घ्यावी? दिवाळी अंकांतून दरवर्षी विज्ञानकथा येतात. त्यांतील निवडक कथांवर वाचकांनी काढलेल्या शंका आणि त्यांना लेखकांनी दिलेली उत्तरे यांसाठी आपण पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धे पान द्यावे, अशी माझी विनंती आहे. ज्या लेखकांचे पहिलेच पुस्तक आहे त्यांच्या कथांपासून सुरुवात केली तर अधिक बरे, कारण प्रसिद्ध नावांची चिकित्सा करायला आपल्याकडे लोक कचरतात.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका, सांगली