ट्रान्समीटरचा लोड ठरवायचा नियम वेगळा आहे

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या विज्ञान पुरवणीत वायरलेस सेटवर लेख आला, हा विषय घेतला ते लय चांगलं केलं, पण त्यात "जास्तीत जास्त पॉवर पाहिजे तर लोड अँप्लिफायरच्या आतल्या रेझिस्टन्सएवढाच ठेवा" असं जे ठासून लिहिलंय (लोड म्हणजे अँप्लिफायरला पुढं दिसणारा रेझिस्टन्स) ते ट्रान्समीटरच्या फायनल स्टेजला, म्हणजे अँटेनाला पॉवर देणाऱ्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला, लागू होत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात आयटीआयच्या पोट्ट्यांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, ते कात्रण लगेच वर्गात आलं म्हणून हे पत्र.

नियम खोटा नाही. रिसीव्हरच्या पहिल्या स्टेजला सिग्नल मायक्रोव्होल्टमधला असतो, तिथं तो चालतो. पण पॉवर ट्रान्झिस्टरला दोन हद्दी असतात, सप्लायचं व्होल्टेज आणि झेपेल तेवढा करंट, आणि तो नियम या दोन्ही हद्दी धरतच नाही.

आकडेच घ्या ना. जीपमधला सेट, सप्लाय १२.५ व्होल्ट. ट्रान्झिस्टर अगदी शून्यापर्यंत खाली येत नाही, दीड व्होल्ट त्याच्यावरच राहतात, म्हणजे झोका (व्होल्टेजला वर-खाली व्हायची जागा) मिळाला ११ व्होल्टचा. पॉवर पाहिजे २५ वॉट. ११ चा वर्ग १२१, त्याला दोन गुणिले २५ म्हणजे ५० नं भागा, उत्तर साधारण २.४ ओहम. ट्रान्झिस्टरला दिसायला पाहिजे तो लोड हा, आणि अँटेनाच्या ५० ओहमवरून इथपर्यंत आणायचं काम मॅचिंगच्या कॉइल-ट्रिमरचं. आता लेखातला नियम लावा. आतला रेझिस्टन्स १०० ओहम निघाला म्हणून लोडही १०० ठेवला, तर व्होल्टेज ११ लाच अडकतं आणि हाती येतं १२१ भागिले २००, म्हणजे ०.६ वॉट! पंचवीसच्या जागी. उलट लोड १ ओहम केला तर करंट त्याच्या हद्दीला अडतो, बाहेर जातात जेमतेम १० वॉट, सप्लायमधून मात्र क्लास बी मध्ये (ट्रान्झिस्टर सिग्नलच्या अर्ध्या भागातच चालतो ती पद्धत) ३६ वॉट चाललेच असतात आणि बाकीचे २६ ट्रान्झिस्टर तापवतात. नांगरताना ट्रॅक्टरचं गिअर चुकलं की होतं तसंच, वरच्या गिअरात इंजिन दबतं, अगदी खालच्यात इंजिन ओरडतं पण वावर सरकत नाही.

हे काही मी शोधलेलं नाही. स्टीव्ह क्रिप्स या इंजिनिअरनं १९८३ मध्येच दाखवलं की लोड बदलत बदलत पॉवर मोजली की स्मिथ चार्टवर (लोड मांडायचा गोल आलेख) सारख्या पॉवरचे जे वेढे उमटतात ते या दोन हद्दींच्या साध्या हिशोबातून आधीच काढता येतात. व्हीएचएफवर (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) ट्रान्झिस्टरचं स्वतःचं कपॅसिटन्सही आडवं येतं, ते रद्द करायला लोडमध्ये थोडं इंडक्टन्स ठेवावं लागतं, म्हणून २.४ हा आकडा सुरुवातीचा धरायचा आणि मग मोजून बसवायचं. आणि सगळ्यात जास्त पॉवर जिथं मिळते तिथंच सगळ्यात चांगली एफिशियन्सी मिळेल असंही नाही, ती बहुतेक थोड्या जास्त ओहमला मिळते.

याचा आपल्याकडच्या कामाशी थेट संबंध आहे. अँटेनाचा एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळत नाही त्याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळलं) ३ झाला की पोट्टे म्हणतात पंचवीस टक्केच पॉवर परत येते ना सर, काय बिघडतं. पण कोॲक्सच्या (सेट ते अँटेना जाणारी केबल) लांबीप्रमाणे सेटला ५० च्या जागी कधी १७ तर कधी १५० ओहम दिसतात, म्हणून तोच सेट, तीच अँटेना, केबल बदलली की हीटसिंकला हात लावू देत नाही. मग दुरुस्तीवाला काहून ट्रान्झिस्टरच बदलत बसतो, तो पुन्हा जळतो, आणि भुर्दंड सेटवाल्याला.

त्याच पानावर दुरुस्ती छापा ही विनंती. चौकट करायची असेल तर वरचं २.४ ओहमचं उदाहरण बिनधास्त घ्या, आणि २८ व्होल्टचंही सोबत द्या: तीन व्होल्ट सोडले तर झोका २५ व्होल्टचा, त्याचा वर्ग भागिले तेच ५०, म्हणजे १२.५ ओहम. तेवढ्याच पॉवरला पाचपट सोपा लोड, मोठ्या सेटमध्ये जास्त व्होल्टेज काहून वापरतात ते पोट्ट्यांना तिथंच कळेल.

एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ