चिठ्ठीवर वार लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमचे हे एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. गेल्या आषाढात रात्री दोन वाजता उठून त्यांनी लाइटबिलाचे बारीक तुकडे केले, एक माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "सुट्टे द्या बाई, अन् पुढे सरका." मी दोन रुपये दिले, तेव्हा कुठे झोपले.

तोवर यांचं विसरणं सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, शंभरातून सात वजा करत जा. हे पासष्टपर्यंत धडाधड उतरले. जन्म सुट्ट्या पैशांत गेलेला! महिना कोणता चालू आहे, हे कुणी विचारलंच नाही. केसपेपरवर 'वयोमानानुसार' लिहून बी-कॉम्प्लेक्स दिलं. डॉक्टरांना बोल लावत नाही, बाहेर सत्तर माणसं ताटकळत होती.

दुसऱ्यांदा गेलो तर चिठ्ठी मिळाली, 'पुढील उपचारासाठी नाशिक'. नाशिक म्हणजे काय एक खोली आहे? कोणता विभाग, कोणता वार, काही नाही. पहिल्या फेरीत हाडांच्या ओपीडीत बसवलं, कारण काय होतंय ते यांनाच विचारलं आणि हे म्हणाले गुडघा दुखतो. दुसऱ्या फेरीत कळलं, ज्यांना दाखवायचं ते डॉक्टर आज नसतात. पंच्याहत्तरीपुढचे म्हणून यांना एसटी फुकट, मला अर्धं तिकीट, त्यामुळे भाड्याचं काही नाही. पण गर्दीच्या गाडीत हे उठून लोकांची तिकिटं तपासायला लागतात. मग मी मागून माफी मागत जाते.

चौथ्या फेरीत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला वेगळं बसवून सगळं ऐकून घेतलं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा शब्द तेव्हा कानावर पडला. त्यांनी रक्त तपासलं, बी-१२ फारच कमी निघालं. इंजेक्शनांनी यांची चाल सुधारली, विसरणं मात्र राहिलं. बाई म्हणाल्या, बी-१२ कमी असलं, थायरॉइड बिघडलं, मन खचलं, कधी डोक्याला मार लागून आत रक्त साकळलं तरी माणूस विसरायला लागतो, म्हणून हे आधी बघायचं. अहो, रक्त तर आमच्या तालुक्यातही काढतात.

मी स्वतः अंगणवाडी सेविका होते, फॉर्म भरण्यात हयात गेली. म्हणून सांगते, आशाताई घरोघर जो फॉर्म भरतात त्यात साठीपुढच्यांसाठी प्रश्न आहे : जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? आमच्या घरी 'हो'वर खूण झाली होती. तो 'हो' पुढे कुठे गेला? आम्ही तीव्र कुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचो, तेव्हा ते घरी येताना कागद घेऊन यायचं. वजन किती वाढलं, पुन्हा कधी दाखवायचं, सगळं तारखांसकट. त्या कागदावर मी गावात पुढचं बघायचे. म्हणजे आपल्याकडे हे जमतं. मग म्हाताऱ्यांच्या बाबतीत का नाही? नाशिकहून आमच्यासोबत एक ओळही परत आली नाही. त्यामुळे दर महिन्याच्या गोळ्यांसाठी यांना घेऊन पुन्हा नाशिकच.

देशात साठीपुढच्या शंभरांत सातांहून जास्त जणांना हा आजार असावा, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. एवढ्यांना मेंदूचे डॉक्टर पुरणार नाहीत, हे मलाही कळतं. म्हणून तर म्हणते, मोठ्या डॉक्टरांनी एकदा बघावं, काय द्यायचं ते लिहून पाठवावं, बाकी आमच्या आरोग्य केंद्रात होऊ दे. आणि जाताना चिठ्ठीवर विभाग आणि वार तेवढा लिहा. राज्यभरच्या डॉक्टरांना पदवी देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, आमच्या दिंडोरी रस्त्यावरच आहे. घरच्या माणसाला काय काय विचारायचं, एवढं एक पान मराठीत छापून गावोगावच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवणं त्यांना जड जाऊ नये.

कृपया नाव छापू नये. हे अजून रोज सकाळी पेपर उघडून बसतात.

– एक निवृत्त अंगणवाडी सेविका, ता. दिंडोरी, जि. नाशिक