गडरलाइनमधला वायू मोजणारे मीटर विकत घेण्याआधी पावसात भिजवून बघा: महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
नागपूर महानगरपालिका

महोदय,

गडरलाइन, म्हणजे सांडपाण्याची जमिनीखालची वाहिनी, चोक झाली की झाकण उघडायचे, आत झुरळे हलताना दिसली तर हवा बरी आहे असे धरायचे आणि उतरायचे, ही रीत अजून पुरती गेलेली नाही. कुणी पेटता कागदही टाकून बघतो. आत मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर त्या कागदाने काय होईल ते सांगायला नको. पूर्व नागपुरातल्या एका वस्तीत मी काम करणाऱ्याला वायू मोजायच्या मीटरबद्दल विचारले, तर तो हसून म्हणाला, “नाकच आपलं मीटर हाये, साहेब.”

आणि नाक तर ऐन वेळी दगा देते. गटारातला विषारी वायू हायड्रोजन सल्फाइड अगदी नावाला असला तरी सडक्या अंड्याचा वास येतो. पण तो १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास पोचला की नाक बधिर होते. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होऊन आणखी खाली उतरतो. ७०० ते १००० पीपीएमला एक-दोन श्वासांत माणूस कोसळू शकतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो आणि गाळ ढवळला की एकदम सुटतो. वर झाकणापाशी घेतलेले रीडिंग म्हणूनच कामाचे नसते.

मी आयुष्यभर गॅस डिटेक्टर दुरुस्त केले, कॅलिब्रेट केले, म्हणजे ओळखीच्या वायूवर त्यांचे आकडे जुळवून दिले. आज पत्र लिहिण्याचे कारण कार्बन नॅनोट्यूबचे सेन्सर. आज ना उद्या कुणीतरी त्यांचा प्रस्ताव घेऊन आपल्या टेबलाशी येईलच. स्वस्त, बोटाएवढे, घड्याळाच्या सेलवर चालणारे असे त्यांचे वर्णन असेल, आणि त्यात खोटे फारसे नसेल. ग्रॅफाइटचा एक अणू जाडीचा पापुद्रा गुंडाळून नळी केली, की ती झाली नॅनोट्यूब. व्यास साधारण एक नॅनोमीटर. अशा एकपदरी नळीचा प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो. त्यामुळे वायूचा रेणू चिकटून इलेक्ट्रॉन ओढू किंवा देऊ लागला की नळीतून जाणारी वीज लगेच बदलते. २००० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हे नायट्रोजन डायऑक्साइड आणि अमोनियावर दाखवले, तेही साध्या खोलीच्या तापमानाला. टिन ऑक्साइडच्या जुन्या सेन्सरला त्याच कामासाठी दोन-तीनशे अंश तापवावे लागते. सगळी बॅटरी त्या हीटरमध्येच जाते.

मग पंचवीस वर्षांत हे मीटर सफाई कामगाराच्या पट्ट्याला का लागले नाही? कारण ही नळी जवळजवळ सगळ्यांनाच दाद देते. पाण्याची वाफसुद्धा तिची वीज बदलते, आणि गडरलाइनमध्ये हवा बारा महिने ओलीचिंब. अमोनिया तर तिथे असतोच. त्या गर्दीतून हायड्रोजन सल्फाइड वेगळा ओळखायला नळीवर पॉलिमरचा किंवा धातूच्या कणांचा लेप द्यावा लागतो. शिवाय एकदा चिकटलेला वायू सहज सुटत नाही. स्टॅनफर्डच्या त्या पहिल्या प्रयोगातही सेन्सर पूर्ववत व्हायला एकतर बराच वेळ द्यावा लागे, नाहीतर तो तापवावा लागे. आता एका चेंबरमधून (झाकणाखालच्या खड्ड्यातून) निघून दहा मिनिटांत दुसरे झाकण उघडणाऱ्या टोळीने काय करायचे? कोरड्या नायट्रोजनमध्ये घेतलेला सुंदर आलेख ऑगस्टमधल्या आपल्या चेंबरबद्दल काहीच सांगत नाही. आणि खोटा शून्य दाखवणारे मीटर हे मीटर नसण्यापेक्षा वाईट. झुरळांवर निदान कुणी शंभर टक्के विश्वास ठेवत नाही.

म्हणून विनंती अशी, की खरेदीआधी महापालिकेने आपली काही चेंबर चाचणीसाठी खुली करावीत. एखादे महालच्या जुन्या दाट वस्तीतले, एखादे नाग नदीच्या काठचे, एखादे भांडेवाडीच्या शुद्धीकरण केंद्राकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिनीवरचे. ज्याला सेन्सर विकायचा आहे त्याने तो दोरीने तळापर्यंत सोडावा, शेजारी नीट कॅलिब्रेट केलेले नेहमीचे चार वायूंचे मीटर असावे, आणि दोन्हींची रीडिंग मे महिन्यातल्या ४५ अंशांपासून भर पावसाळ्यापर्यंत नोंदली जावीत. नोंदी महापालिकेच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी टाका, नापास झालेल्यांच्याही. कोणीही माणूस या चाचणीसाठी आत उतरणार नाही, हे त्यात पहिल्याच ओळीत लिहा.

माणसे बाहेरून आणायला नकोत. पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था नीरी १९५८ पासून इथे आहे. व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९४२ चे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थान (आता विद्यापीठ) आहे. स्फोटक वातावरणातल्या विद्युत उपकरणांना मंजुरी देणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचे मुख्यालय सेमिनरी हिल्सला आहे. मिथेन मोजण्याचा सराव असलेली वेकोलिची (वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा खाण कंपनीची) माणसे याच शहरात राहतात. एवढे सगळे एका रिक्षाच्या भाड्यात फिरून होते, तरी एका टेबलावर मात्र येत नाही.

तोपर्यंत नेहमीची मीटर आहेतच, पण त्यांचे एक दुखणे आहे. नोकरीत असताना ठिकठिकाणी पाहिले, मीटर खरेदीत असते आणि कॅलिब्रेशनच्या गॅसचे सिलिंडर कुणाच्याच खर्चात नसते. आतला वायू ओळखणारा इलेक्ट्रोकेमिकल सेल दोन-तीन वर्षांत थकतो, पडद्यावर आकडे मात्र येतच राहतात. रोज कामाआधी ओळखीचा वायू सोडून मीटर ओरडते का ते बघायला एक मिनिट लागते. या सिलिंडरसाठी आणि बदली सेलसाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद करा.

मीटर चांगले मिळाले म्हणून माणूस उतरवायची मुभा मिळाली, असा अर्थ मात्र कंत्राटदारांनी काढू नये. हाताने मैला साफ करायला माणूस लावण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे. मीटर मशीनने गडरलाइन साफ करणाऱ्यालाही लागतेच, कारण झाकणाशी वाकून उभा तोही असतो.

चाचणीच्या चेंबरची यादी उन्हाळ्याआधी जाहीर झाली तर पुढचा पावसाळा हाती लागेल. दोरी, नोंदवही आणि कॅलिब्रेशनचे काम मी विनामोबदला करायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, नागपूर