कोवळ्या चिलारीचा दर एकरावर नको

बगॅसला (उसाच्या चोथ्याला) जोड म्हणून बॉयलरसाठी चिलार, म्हणजे वेडी बाभूळ, मशीनने तोडण्याची चर्चा सोलापूर जिल्ह्यात होत असते. ओढ्यांत, कालव्याकाठी, गायरानात ती माजलीच आहे, तेव्हा एकरी दर ठरवा आणि मशीन घाला, असा सोपा हिशेब मांडला जातो. त्यात खोडाची जाडी कुणी मोजत नाही आणि तिथेच काम तोट्यात जाते.

खोड पाच सेंटिमीटरचे असो की दहा, ते धरायचे, कापायचे आणि ढिगावर टाकायचे याला मशीनला वेळ जवळपास सारखाच लागतो. वजन मात्र जाडी दुप्पट झाली की चौपटीहून जास्त वाढते, कारण उंचीही वाढलेली असते. समजा मशीनचा खर्च तासाला 2,000 रुपये आणि काम तासाला 80 खोडांचे. खोड 5 किलोचे असेल तर 400 किलो माल निघाला. टनाला 5,000 रुपये नुसत्या तोडणीचे झाले. तेच खोड 30 किलोचे असेल तर टनाला साधारण 830. एका वेळी चार-पाच खोडे कवेत धरणारे यंत्र कोवळ्या रानात हा फरक कमी करते, पण चिलारीच्या एकमेकींत गुंतलेल्या काटेरी फांद्यांत त्याचाही वेग मंदावतो.

जेसीबीने मुळासकट उपटणे जलद दिसते. पण मुळांबरोबर माती-खडे चिपरमध्ये (लाकडाचे बारीक तुकडे, म्हणजे चिप्स, करणाऱ्या यंत्रात) जातात आणि पाती बोथट होतात. मग चिप्सऐवजी लांब काड्या निघतात, त्या बॉयलरमध्ये इंधन ढकलणाऱ्या स्क्रू फीडरमध्ये अडकतात. शिवाय राख वाढते. इंधनच हवे असेल तर वीतभर बुंधा ठेवून कापावे, फुटव्यांतले तीन-चार जोमदार राखावेत आणि ते जाड होईपर्यंत मशीन तिकडे नेऊ नये. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या गवताळ माळावर मात्र हा नियम लावू नका. तिथे रोप कोवळे असतानाच, बुंधा जमिनीखाली तोडून काढायला हवे. तो खर्च माळ वाचवण्याचा आहे, इंधनाच्या टनावर तो मोजायचाच नाही.

दुसरी गळती ओलाव्याची. ताज्या लाकडात निम्मे पाणी धरले, तर किलोमागे हाती येणारी उष्णता सुमारे 1,900 किलोकॅलरी. ओलावा 30 टक्क्यांवर आला की तीच 2,900 च्या आसपास जाते. म्हणून कापलेली झाडे पाल्यासकट काही आठवडे रानातच पडू द्यावीत. पाने खोडातले पाणी ओढतात, मग तिथेच गळतात. राख आणि क्लिंकर (राख वितळून बनणारे कडक गोळे) वाढवणारी द्रव्ये बॉयलरऐवजी मातीत राहतात. चिप्स मात्र जाळण्याच्या तोंडावरच कराव्यात. ओल्या चिप्सचा उंच ढीग आतून तापतो, कुजतो, कधी पेटतोही.

निविदा काढण्यापूर्वी दहा बाय दहा मीटरचे काही नमुना तुकडे आखून खोडे आणि त्यांची जाडी मोजावी. पैसे टनावर नव्हे, उष्णतेवर द्यावेत. त्यासाठी वजनकाट्यावर प्रत्येक गाडीतून किलोभर चिप्स काढून 105 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवायच्या आणि पुन्हा तोलायच्या. घटलेले वजन म्हणजे पाणी, त्याचे पैसे देऊ नयेत.

— जैवइंधन क्षेत्रातील दोन अभियंते, सोलापूर